गाव कोणाचे? जयसिंगपूरची साक्ष

एस.टी.त दोन अनोळखी माणसे शेजारी बसली म्हणजे आमच्याकडे पहिला प्रश्न होतो, 'गाव कंचं?' त्याचे उत्तर मिळाले की लगेच दुसरा येतो, 'मूळचं कुठलं?' पहिला प्रश्न माणुसकीचा आहे. दुसऱ्यात मात्र खोच असते. ह्या गावात तू राहतोस हे कळले, पण हे गाव तुझे आहे काय, असा त्याचा खरा अर्थ. ह्या दुसऱ्या प्रश्नावर आज आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत, आणि साक्षीदार म्हणून शिरोळ तालुक्यातील जयसिंगपूरास उभे करावयाचे आहे. कारण मूळचे असे जेथे जवळजवळ कोणीच नाही, असे गाव आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात कोणते असेल तर ते हेच.

बहुतेक जुन्या गावांची जन्मकथा आपण ऐकलेली असते. कोणी ऋषी येथे तपास बसला, किंवा देवाने राक्षस मारला, किंवा पाटलाच्या मूळपुरुषाच्या गाईने वारुळावर दूध सोडले, आणि तेथे गाव झाला. खुद्द करवीरनगरीचे माहात्म्यही असेच पोथीत बांधलेले आहे. परंतु पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ साली विद्वानांनी शास्त्रशुद्ध खणती लावली, तेव्हा खाली काय निघाले? सातवाहनांच्या काळातील विटांची घरे, मडकी, मणी. त्याच टेकाडातून रोमन घडणीची समुद्रदेवाची कांस्यमूर्ती मिळाली, म्हणजे दूर देशीच्या व्यापाराचा माल येथवर येत होता. पोथी उघडली तर ऋषी सापडतो, जमीन उकरली तर कुंभार, गवंडी आणि व्यापारी सापडतो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ती मडकी भाजली त्यांचे नाव कोणत्याही माहात्म्यात नाही.

जयसिंगपुरास माहात्म्य नाही. ते होण्याइतके ते जुनेच नाही. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास ही पेठ वसविली व तिला आपल्या जन्मदात्या वडिलांचे, कागलच्या थोरल्या पातीचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे ह्यांचे, नाव दिले. आबासाहेब १८८६ साली वारले. त्या वेळी महाराज अकरा-बारा वर्षांचे, कोल्हापूरच्या गादीवर दत्तक येऊन दोनच वर्षे झालेली. पोरवयात हरपलेल्या बापाचे नाव मुलाने तीस वर्षांनी एका बाजारपेठेस द्यावे, ह्यात आम्हांस मोठी गोडी वाटते. देऊळ बांधता आले असते, छत्री बांधता आली असती. त्यांनी दुकाने आणि घरे बांधावयास जागा आखून दिली.

ही पेठ तेथेच का? कोणी म्हणेल, राजाची इच्छा. आमचे मत निराळे आहे. कोल्हापूर-मिरज लोहमार्गाची पायाखुदाई मे १८८८ मध्ये झाली. त्या समारंभास चौदाव्या वर्षात असलेले शाहू महाराजच पुढे होते. दरबारच्या पैशाने बांधलेली ही गाडी १८९१ साली धावू लागली. शिरोळ पेट्यासाठी जे स्टेशन झाले त्याचे नाव 'शिरोळ रोड'. रेल्वेच्या भाषेत कोणत्याही नावापुढे 'रोड' लागले की समजावे, गाव येथे नाही, गावाकडे जाणारी वाट येथे आहे! शिरोळ काही मैल दूर राहिले. स्टेशनाभोवती होता तो माळ. माळ म्हणजे ओसाड नव्हे, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. तेथे गुरे चरत, धनगराची मेंढरे बसत, आसपासच्या गावांची हलकी राने असत. परंतु वस्ती नव्हती.

आता त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. एका बाजूस सांगली, मिरज, कुरुंदवाड ही पटवर्धनांची संस्थाने, दुसरीकडे इचलकरंजीची जहागीर, आणि त्यांच्या मधोमध करवीरचा शिरोळ पेटा. कृष्णा-पंचगंगेच्या काळ्या रानात तंबाखू, भुईमूग, मिरची पिकवावी शिरोळच्या कुणब्याने. गाडी जुंपून न्यावी दुसऱ्याच्या राज्यातील पेठेत. तेथे भाव ठरवावा अडत्याने, आणि पेठेचे उत्पन्न पडावे भलत्याच खजिन्यात. स्वतःच्या हद्दीत, रेल्वेच्या दाराशी, स्वतःची पेठ असावी हा विचार ज्या राज्यकर्त्यास सुचणार नाही तो राज्यकर्ता कसला? कोल्हापुरात १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी बसविली, तिचा हा पुढचा भाऊ. तेव्हा महाराज काही धर्मादाय करीत नव्हते. रयतेच्या मालाला जवळचा बाजार आणि दरबारास उत्पन्न, असा तो रोखठोक व्यवहार होता. आम्ही तो कमी लेखत नाही. शेतकऱ्याला दानधर्मापेक्षा जवळचा बाजार शंभर पटींनी बरा.

परंतु हुकूम काढून पेठ बसत नाही. गाव करील ते राव काय करील, ही म्हण उगाच झालेली नाही. माळावर दोऱ्या धरून चौक आखता येतात. त्या चौकांत चूल पेटविणारा माणूस कोठून तरी यावा लागतो. तो आला. आसपासच्या गावांतून जैन, लिंगायत, मराठा आले. दुकान घालणारे आले तसे पाठीवर पोते उचलणारे आले. सुतार, लोहार, शिंपी, न्हावी, चांभार, गवंडी आले. घरचे शेत भावाभावांत वाटून तुकडा उरला म्हणून कोणी आला, सावकारीत गेले म्हणून कोणी, आणि गावकीच्या जाचास कंटाळून कोणी. जो तो आपले गाव सोडून आला. त्या काळच्या भाषेत सांगावयाचे तर सारेच उपरी.

हा शब्द आमच्या तरुण वाचकांस नवा वाटेल, म्हणून थोडे थांबतो. जुन्या गावगाड्यात रयतेचे दोन वर्ग असत. मिरासदार, ज्याला थळकरीही म्हणत, तो गावचा खरा धनी. त्याची जमीन वंशपरंपरेची, गावच्या पंचायतीत त्याचे वजन, सणावारी त्याचा मान. बेंदराला कर तोडावयाची कोणी, होळीला पहिला नैवेद्य कोणाचा, पालखीला खांदा कोणाचा, हे सारे मिरासीवर ठरे. दुसरा तो उपरी. तो बाहेरून आलेला, ठरलेल्या बोलीवर दुसऱ्याची किंवा पडीक जमीन कसणारा. घामात दोघांच्या फरक नाही; मानात मात्र जमीन-अस्मानाचा. उपऱ्याच्या तीन पिढ्या त्याच शिवारात राबून मातीआड झाल्या तरी चौथीतल्या पोराला गावजेवणात मागची पंगत. ह्या दोघांच्याही खाली, वेशीच्या बाहेर, ज्यांच्यावाचून गावाचे एक काम चालत नसे ते महार-मांग. त्यांना तर मूळचे म्हणून राबवीत आणि बाहेरचे म्हणून ठेवीत!

त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली निघाला. त्यात ह्या जुन्या गावाचा पुरा पसारा मांडलेला आहे. दोनच वर्षांनी जयसिंगपूर आखले जात होते. एकीकडे जुना गाडा कागदावर उतरत होता, आणि दुसरीकडे ज्यात मिरासदारच नाही असा गाव माळावर उभा राहत होता. जयसिंगपूर पुरते बसले नाही तोच, १९१८ साली, करवीर राज्यात कुलकर्णी वतने जाऊन पगारी तलाठी आले. त्याच वर्षी महार वतनाची वेठ मोडली, आणि महार, मांग, रामोशी, बेरड ह्यांच्यावरील रोजच्या हजेरीचा जाच उठला. म्हणजे ज्या सुमारास हा गाव जन्मला त्याच सुमारास जुन्या गावाच्या खुंट्या एकामागून एक उपटल्या जात होत्या. नव्या पेठेत कोणाचे वतन नाही, कोणाची मिरास नाही. जो जागा घेईल, पैसे भरील, घर बांधील, तो गावकरी.

ह्याची सर्वांत मोठी खूण आजही डोळ्यांना दिसते, पण आपण ती पाहत नाही. जयसिंगपुरात पत्ता विचारा. सांगणारा म्हणेल, तिसरी गल्ली, सहावी गल्ली, दहावी गल्ली. रस्ते सरळ, गल्ल्या काटकोनात, आणि नावांच्या जागी अंक. कोल्हापूरच्या शाहूपुरीत तेच, राजारामपुरीतही तेच. आता आपल्या जुन्या गावात जाऊन पत्ता विचारा. कुंभार गल्ली, सुतार गल्ली, ब्राह्मण आळी, चांभारवाडा, मांगवाडा. पोस्टमन पत्र घेऊन येतो तो पाकिटावरची जात वाचीत येतो. मुलगा शाळेत नाव घालावयास जातो तेव्हा आडनावावरून जे कळले नसेल ते पत्त्यावरून कळते. अंक मात्र मुका आहे. सहाव्या गल्लीत राहणारा कोणत्या जातीचा, हे सहा ह्या आकड्यास सांगता येत नाही. आम्हांस वाटते, ह्या मुकेपणात फार मोठे शहाणपण आहे.

अंकांनी जात मोडली असे आम्ही म्हणणार नाही. म्हटले तर जयसिंगपूरचेच लोक आम्हांस हसतील. माणूस गाव सोडतो तेव्हा भांडीकुंडी थोडीच आणतो, जात मात्र सगळी घेऊन येतो. एका गावचे लोक, एका जातीचे लोक, शेजारी शेजारी जागा धरतात हेही खरे. आणि दुसरी गोष्ट त्याहून कडू आहे. जागा घ्यावयास पैका लागतो. दुकानदाराकडे तो होता, हमालाकडे नव्हता. वखारीत तंबाखू निवडून खोकणाऱ्या बाईकडे कोठून येणार? म्हणून कोणत्याही पेठेच्या आखीव चौकांपलीकडे, जेथे अंक संपतात तेथे, पत्र्याच्या झोपड्या सुरू होतात. जातीची वेस पाडली की पैशाची वेस उभी राहते. राव आखू शकला ते त्याने आखले. पुढचे गावाचे काम होते, ते अर्धेच झाले.

तरीही दाराच्या पाटीवर जात लिहिलेली असणे आणि नसणे ह्यांत अंतर आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने ठरविले की वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत. निर्णय योग्यच झाला. परंतु आम्ही ज्या गावांतून फिरलो तेथे महारवाड्याचे भीमनगर झालेले पाहिले. ब्राह्मण आळीचे समतानगर झालेले अजून आमच्या पाहण्यात नाही. पाटी बदलली, पण ती एकाच बाजूची बदलली, तेव्हा वाचणाऱ्यास जे कळावयाचे ते कळतेच. शंभर वर्षांपूर्वी गावभर सरसकट अंक घालणाऱ्यांनी हा घोळ होऊच दिला नव्हता. आता तर गल्लीला कोणाचे नाव द्यावे ह्यावरून मंडळामंडळांत हाणामारीची वेळ येते. ज्यांच्या गल्लीला अजून नुसता अंक आहे त्यांनी तो जिवापाड जपावा.

आडनावाकडेही जरा पाहा. आपल्यात नांदणीकर असतो, शिरोळकर असतो, कागलकर असतो. नांदणीत राहणाऱ्याला नांदणीकर म्हणून कोण हाक मारील? तेथे सारेच नांदणीचे. गाव सुटल्यावर, परक्या ठिकाणी, ओळख पटावी म्हणून हे 'कर' लागते. म्हणजे ज्याच्या नावापुढे गावाचे नाव आहे त्याचा कोणीतरी पूर्वज कधीतरी ते गाव सोडून दुसरीकडे उपरी झाला होता, ह्याची ती पावती आहे. अशी पावती खिशात घेऊन फिरणारा माणूस जेव्हा दुसऱ्यास 'तू बाहेरचा' म्हणतो, तेव्हा त्याने आधी आपली स्वतःची सही वाचावी.

आणि असे म्हणणारे आज थोडे नाहीत. ह्याच कारणाने आम्ही ही शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट उकरीत बसलो आहो. पावसाळा सरला की बीडकडून आणि इतर कोरड्या मुलखातून उसाची तोड करणारी कुटुंबे आपल्या शिवारात उतरतात. पाच-सहा महिने पालात किंवा खोपीत राहतात. आपला ऊस कारखान्यावर जातो तो त्यांच्या कोयत्याने. त्यांच्या पोरांची शाळा बुडते, बायकांना आडोसा नसतो, आणि गावच्या पाणवठ्यावर त्यांना जपून जावे लागते. कोयना आणि चांदोलीच्या पाण्याने ज्यांची घरे गिळली त्यांच्या वसाहती आपल्या सांगली-कोल्हापूरकडे झाल्या. त्यांनी आपली गावे दिली म्हणून आपल्या रानात पाणी आणि घरात वीज आली. परंतु एक पिढी जाऊन दुसरी कर्ती झाली तरी गावच्या तोंडी त्यांचे नाव 'धरणग्रस्त'च. इचलकरंजीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारी उत्तर हिंदुस्थान आणि ओडिशाकडची पोरे आहेत. आमच्या ओळखीच्या अशाच एका पोरासाठी आम्ही एका गावी भाड्याची खोली पाहावयास गेलो. गावाचे नाव सांगत नाही, घरमालकाचे तर नाहीच. घरमालक भला माणूस. चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि विचारले, 'आडनाव काय, मूळचे कुठले?' उत्तर ऐकल्यावर म्हणाला, खोली कालच दिली. दार उघडेच होते. आत कोणाचे एक भांडेही नव्हते.

ह्या घरमालकाचा आजा कोठून आला होता, हे आम्हांस पक्के माहीत होते. ते आम्ही बोललो नाही. चहा प्यालो होतो, काय करणार!

ह्यावर शेतकऱ्याचे एक उत्तर आहे आणि ते आम्ही हसण्यावारी नेत नाही. तो म्हणतो, रान तेवढेच, पाणी तेवढेच, माणसे वाढली. येईल त्याला कोठे ठेवावे? प्रश्न खरा आहे. गावठाणे भरली, गायराने गेली. परंतु हा हिशेब जागेचा आहे, मानाचा नव्हे. जागा कोणास किती, हे मोजून, कागद पाहून ठरवावे; त्यात उपऱ्याला चार गुंठे कमी मिळाले तर तो भांडेल आणि पुढे समजेलही. पाणवठ्यावर आणि पंगतीत कमी का, ह्याचा हिशेब मात्र कोणत्याच मोजणीदाराजवळ नाही.

जुनी गावे नदीकाठी बसली. पाण्याची सोय, काळी जमीन, हे त्यांचे शहाणपण. पण त्याचीच किंमत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याने मोजली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पाण्याने गावेच्या गावे वेढली, तेव्हा मिरासदाराचा वाडा आणि उपऱ्याचे छप्पर एकाच पाण्यात उभे होते. होड्यांतून, ट्रॅक्टरांतून जी माणसे, जी जनावरे बाहेर निघाली त्यांना उंचावरच्या गावांनी पोटाशी धरले, त्यांत जयसिंगपूरही होते. स्टेशनाजवळच्या ज्या माळास गावकुसाची माणसे एके काळी हलके रान म्हणत, तेथे नदीकाठच्या थळकऱ्यांनी पथाऱ्या टाकल्या. त्या रात्री कोणी कोणाला मूळचे कुठले असे विचारल्याचे आमच्या कानावर आले नाही.

बाजार म्हणून जन्मलेले हे गाव अजून शेतकऱ्यास विसरलेले नाही. गेली कित्येक वर्षे गाळप हंगामाच्या तोंडावर येथील विक्रमसिंह मैदानावर ऊस परिषद भरते, जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकरी येतो आणि उसाचा दर मागतो. ज्या पेठेत त्याच्या आज्याने पहिल्याने आपल्या राज्यात आपला माल विकला, तेथेच नातू आपल्या मालाची किंमत आपण सांगावयास उभा राहतो, ह्याचे आम्हांस समाधान आहे. ऊस तोडणारा मात्र त्या मैदानावर फार करून दिसत नाही. तो त्या वेळी कोठे वाटेत असतो.

आता एक विनंती. गावाचा शंभर वर्षांचा इतिहास लिहावयाचा म्हटला की लिहिणारा आधी दरबारचे दप्तर पाहतो आणि मग नगराध्यक्षांची यादी. दप्तरात महाराज सापडतील, इंजिनियर सापडेल. हमाल सापडणार नाही. तो आपल्या घरातच सापडेल. जयसिंगपूरच्या जुन्या घरांत जागेचे कागद असतील, दुकानाच्या चोपड्या असतील, वखारीच्या पावत्या, शाळेचे दाखले असतील. ते रद्दीवाल्यास घालू नयेत. घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी असेल तर त्यांच्याजवळ बसून विचारावे: बाप कोणत्या गावाहून आला, का आला, चालत आला की गाडीने, पहिले वर्ष कोणाच्या पडवीत काढले, पाणी कोठून भरले, आणि कोणी भरू दिले नाही. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवावे, सुधारू नये. हीच चौकशी धरणग्रस्तांच्या वसाहतीत आणि उसाच्या खोपीतही करता येईल. तेथे तर सांगणारी माणसे अजून तरणी आहेत. आणि बायकांना आधी विचारावे. पुरुष कोणत्या साली आलो ते सांगतात. पहिली चूल कोठे मांडली आणि त्या दिवशी विस्तव कोणाच्या घरून आणला, ते बायकांना आठवते.